रकाना नऊ

सोमवार, ३ जुलै १९७८
ही वही ऑफिसातून मिळाली. पहिली चार पानं कुणीतरी वापरलेली होती, ती फाडली. आजपासून रोज लिहायचं. नजीरा म्हणायची, मनात ठेवू नका, कुठंतरी लिहून टाका. तेव्हा वेळ नव्हता.

कामाची गोष्ट अशी. आमच्या पाटबंधारे खात्यानं या वर्षी जिल्ह्यातल्या पाच विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती द्यायचं ठरवलं आहे. धरण, कालवे, पाणी या कामाचं शिक्षण घेणाऱ्यांना. तीन वर्षं फी, वसतिगृह, पुस्तकं सगळं सरकार करणार. पास झाल्यावर पाच वर्षं खात्यात नोकरी. आमच्या रशिदाला दहावीला चौऱ्याहत्तर टक्के आहेत आणि कराडला डिप्लोमाची सीट मिळते आहे. शिष्यवृत्ती मिळाली तर ती जाणार. नाही मिळाली तर माझ्या पगारात कराड बसत नाही. इतकं साधं आहे.

हेडक्लार्क गणपतरावांनी फॉर्म स्वतः आणून दिला. शेवटची तारीख ३१ जुलै. मी म्हणालो, ३१ कशाला, या शनिवारी देतो. शेवटच्या दिवसापर्यंत थांबणारे लोक वेगळे.

एकूण चौदा रकाने. आठ आजच भरले. अक्षर चांगलं आलं. नवव्याला थांबलो, कारण पेनातली शाई संपत आली होती.

मंगळवार, ४ जुलै
शाई भरली.

नववा रकाना आई आणि वडील दोघांच्या उत्पन्नाचा आहे. खाली बारीक अक्षरात, दोघांपैकी कोणी हयात नसल्यास मृत्यूचा दाखला जोडावा.

गणपतरावांनी समजावून सांगितलं. नजीरा उर्दू शाळेत मास्तरीण, तिचा पगार माझ्यापेक्षा जास्त. दोघांचा मिळून धरला तर शिष्यवृत्तीच्या मर्यादेच्या वर जातो. आता एकट्याचा धरायचा, तो बसतो. म्हणजे वहिनी गेल्या म्हणून पोरगी बसते बघा मणेर, असं ते म्हणाले. मग लगेच चहा मागवला. मी चहा घेतला. मला काही वाटलं नाही. नियम आहे.

दाखला महापालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीवर मिळतो. नाव आणि तारीख सांगायची. नाव मला माहीत आहे. तारीख ११ मार्च. दहा मिनिटांचं काम.

फॉर्म घरी नको म्हणून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवला. किल्ली माझ्याकडे.

गुरुवार, ६ जुलै
दुपारी महापालिकेत गेलो. खिडकी जेवणासाठी बंद. अर्ध्या तासानं उघडते असं पाटीवर होतं. पाटीवर विश्वास ठेवून थांबलो असतो, पण ऑफिसात आकडे द्यायचे होते. नदीची पातळी रोज बंधाऱ्यावरच्या पट्टीवर वाचून कळवायची, हे माझं काम. सकाळचं पाणी एकोणीस फूट दोन इंच.

ऑफिसात गेल्यावर आठवलं की आकडे सकाळीच दिले होते.

शनिवार, ८ जुलै
सायकल पंक्चर.

रविवार, ९ जुलै
सुट्टी. सुट्टीच्या दिवशी कुणीच दाखला काढू शकत नाही, त्यामुळं आजचा दिवस धरायचा नाही.

गवळी हल्ली दूध जास्त घालतो आहे. दोन माणसांना एवढं दूध कशाला. रशिदा रोज उरलेल्याचं विरजण लावते, पण किती दही खाणार. गवळ्याला एकदा स्पष्ट सांगायला हवं.

मंगळवार, ११ जुलै
काल महापालिकेत काम झालं. म्हणजे जवळजवळ झालं.

रांगेत उभा राहिलो. पुढं पाच माणसं होती. माझा नंबर आला. खिडकीतल्या पोरानं मान वर न करता विचारलं, जन्माचा का मृत्यूचा. मी म्हणालो, जन्माचा. तसं का म्हणालो ते सांगता येत नाही. मागं माणसं होती, घाई होती. मग त्यानं नाव विचारलं, मी रशिदाचं सांगितलं. तासाभरानं रशिदाच्या जन्माचा दाखला घेऊन बाहेर आलो. शिक्का स्वच्छ उमटला आहे. आईचं नाव नजीरा, वडील अल्लाउद्दीन, दोन्ही बरोबर.

आज गणपतरावांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला. म्हणाले, मणेर, पोरगी जन्मली हे सरकारला मान्यच हाय की. त्यावर वाद कुणी घातलाय?

ऑफिसात सगळे हसले. मीही हसलो. पण दाखला कधीतरी उपयोगी पडेलच. ड्रॉवरमध्ये ठेवला.

शुक्रवार, १४ जुलै
नवीन विचार. दाखल्याची गरजच पडू नये असं काही करता येईल. साहेबांच्या नावानं अर्ज लिहिला. विषय, रकाना क्रमांक नऊमधून सूट मिळणेबाबत. तीन मुद्दे मांडले. एक, अर्जदार खात्याचाच नोकर असल्यानं त्याच्या घरची परिस्थिती खात्याला माहीत आहे. दोन, अर्जदारानं अठरा वर्षांत पाण्याचा एकही आकडा चुकीचा दिलेला नाही, म्हणून त्याच्या तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवावा. तीन, अमुक एक व्यक्ती घरात नाही हे कागदावर आणल्यानं कोणाचाच फायदा होत नाही.

तीन पानं झाली. गणपतरावांनी सगळी वाचली. यावेळी हसले नाहीत. अर्ज घडी करून माझ्या खिशात घातला आणि म्हणाले, हे साहेबांपर्यंत न्यायला लावू नका मला. दाखला आणा. मी येऊ का बरोबर?

मी म्हणालो, त्याची काय गरज. दहा मिनिटांचं काम.

सोमवार, १७ जुलै
शेजारच्या आक्का सकाळी वाटी परत द्यायला आल्या. नजीराची आणि त्यांची पंधरा वर्षांची देवाणघेवाण. त्यांच्या पुरणपोळ्या इकडं, आमचा शिरखुर्मा तिकडं. मला बघून दारातच उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, पोरगी कराडला जाणार हाय का न्हाई? तुमचं घोडं कुठं पेंड खायलंय?

मी म्हणालो, कागद जमवतो आहे.

म्हणाल्या, किती कागद हायत त्ये? धरण बांधायलाय व्हय? नजीरा असती तर आतापर्यंत पोरगीला कराडला सोडून चार दिवस राहून आली असती.

मी म्हणालो, ती असती तर शिष्यवृत्ती बसलीच नसती, पगार वर जातो. नियमाचं बोललो. आक्का माझ्याकडं बघत राहिल्या. मग वाटी ठेवून गेल्या. रागानं गेल्या असाव्यात, पण पदर डोळ्याला लावला होता. बायकांचं कळत नाही.

रशिदा आत कपडे वाळत घालत होती. तिनं ऐकलं की नाही माहीत नाही.

बुधवार, १९ जुलै, सकाळी ११
राधानगरीला सारखा पाऊस. पाणी चढतं आहे. आठ वाजता एकतीस फूट, दहाला एकतीस सहा. आता दर तासाला पट्टी वाचायची आणि फोन करायचा. म्हणजे पुढचे तीन-चार दिवस राजाराम बंधारा सोडता येणार नाही. नाइलाज आहे. दाखला आजच काढणार होतो.

खरं तर बरं वाटलं.

शुक्रवार, २१ जुलै
सदतीस फूट एक इंच. कालपासून इथंच चौकीत. रशिदा आक्कांच्या मुलाबरोबर डबा पाठवते. डब्यात चिठ्ठी होती, अब्बा, पाय कोरडे ठेवा. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण ती चिठ्ठी मराठीत लिहिते, तिच्या आईसारखी. अक्षरही तसंच, क ची शेपटी लांब.

चौकीदार केरबा म्हणाला, मणेरसाहेब, तुमचं काय काम असंल तर जावा की गावात. पट्टी म्या बघतो. आकडं मला कळत्यात.

मी त्याला नाही म्हणालो. जबाबदारी माझी आहे. ११ मार्चचं सकाळी आठचं वाचनसुद्धा रजिस्टरात आहे, माझ्या अक्षरात. त्या दिवशी आठला पट्टी वाचली, आकडा लिहिला आणि मग दवाखान्यात गेलो. दहाला पोचलो. साडेनऊला झालं होतं. लोक म्हणाले, त्या दिवशी कशाला गेलास बंधाऱ्यावर. मार्चमध्ये पाणी हलतसुद्धा नाही. पण कावीळ उतरते आहे असं डॉक्टर आदल्या दिवशी म्हणाले होते. आणि तीच म्हणाली होती, जाऊन या.

हे इथं लिहायचं नव्हतं. पाण्याबद्दल लिहीत होतो.

सोमवार, २४ जुलै
पाणी उतरलं. एकोणतीस फूट. घरी आलो.

गवळ्याला आज गाठलं. स्पष्ट विचारलं, माप जास्त का घालतोस. तो म्हणाला, पैलं जेवढं हुतं तेवढंच घालतोय, कमी करा असं तुमीच कवा सांगितलं न्हाईसा. कमी कर असं मी म्हणालो नाही. दही रशिदाला आवडतं.

गुरुवार, २७ जुलै
रशिदानं आज पहिल्यांदा विचारलं. जेवताना, ताटाकडं बघत. अब्बा, फॉर्म दिला का.

मी सांगितलं, सगळं तयार आहे, फक्त द्यायचा आहे. हे खोटं नाही. चौदापैकी तेरा रकाने तयार आहेत.

ती म्हणाली, कराडहून पत्र आलंय. दहा ऑगस्टपर्यंत सीट ठेवतील. शिष्यवृत्तीचं कळवा म्हणालेत.

मी विचारलं, तिथं एकटी राहशील का. वसतिगृहात मुली किती आहेत. ती म्हणाली, चार. मी म्हणालो, चार म्हणजे फारच कमी. ती म्हणाली, पाच होतील. मग पाणी प्यायली आणि म्हणाली, तुम्ही एकटे राहाल का?

मी म्हणालो, माझं काय, मी दिवसभर बंधाऱ्यावर. ती बरं म्हणाली.

शुक्रवार, २८ जुलै
महापालिकेच्या दारापर्यंत गेलो. दारात एक माणूस मुलाच्या जन्माचे पेढे वाटत होता. मलाही दिला. पेढा हातात घेऊन त्या खिडकीवर कसं जायचं. परत आलो. हे कारण मला पटतं आहे.

शनिवार अर्धा दिवस, रविवार सुट्टी. सोमवारी सकाळी पहिलं काम. एक महिना होता हे खरं, पण शेवटचा दिवसही महिन्यातलाच असतो.

सोमवार, ३१ जुलै
सगळं क्रमानं लिहितो.

आठचं वाचन घेतलं. दहाला ऑफिसातून फॉर्म घेतला. गणपतराव म्हणाले, साडेपाचला आवक रजिस्टर बंद होतं, साहेब शेवटच्या नोंदीखाली रेघ ओढून सही करतात. त्या आधी या. मी म्हणालो, बाराच्या आत येतो.

अकराला महापालिकेपाशी पोचलो. आत गेलो नाही. रंकाळ्यावर गेलो. तिथून परत आलो. परत आत गेलो नाही. बिंदू चौकात एक चहा घेतला. जेवणाची सुट्टी झाली, संपली. कुणी विचारलं असतं तर सांगायला कारण नव्हतं. पंक्चर नाही, पूर नाही.

पावणेचारला खिडकीवर उभा राहिलो. तोच पोरगा. जन्माचा का मृत्यूचा. मी म्हणालो, मृत्यूचा. कुणाचा. मी म्हणालो, बायकोचा. नजीरा अल्लाउद्दीन मणेर. ११ मार्च. वय अडतीस. एवढं सांगायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

त्यानं रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, अहो पावणं, ह्याचा दाखला एप्रिलमध्येच नेलाय की. तेरा एप्रिल. सही हाय, रशिदा अल्लाउद्दीन. पुन्हा कशाला पायजे?

सही बघितली. तिचीच.

मी म्हणालो, दुसरी प्रत द्या. तो म्हणाला, तयार करून सहीला पाठवायला तास-सव्वा तास लागंल, सकाळी आला असता तर लगेच दिली असती. बाकावर बसलो. प्रत पाच वीसला हातात आली. सायकल जोरात चालवली. पाच अडतीसला ऑफिसात पोचलो.

गणपतराव रजिस्टर उघडं ठेवून बसले होते. रेघ ओढलेली होती, सही झालेली होती. त्यांनी रजिस्टर माझ्याकडं वळवलं आणि रेघ दाखवली. म्हणाले, पाच पस्तीसपर्यंत साहेबांना बोलण्यात गुंतवून ठेवलं. मुद्दाम पान उलटं धरलं, पेन लपवला. ह्यापुढं काय करू सांगा.

फॉर्म घेऊन घरी आलो. रकाना नऊ भरायचा राहिलाच होता.

मंगळवार, १ ऑगस्ट
रशिदाला विचारलं. तिनं आईची पत्र्याची पेटी उघडली. वरच दाखला होता.

नजीराच्या शाळेनं फंडाच्या कागदांसाठी एप्रिलमध्ये मागितला होता. रशिदानं एकटीनं जाऊन दोन प्रती काढल्या. एक शाळेत दिली, एक माझ्यासाठी टेबलावर ठेवली. ती म्हणाली, तुम्ही तो पाहिला आणि दोन दिवस जेवला नाहीत. म्हणून उचलून ठेवला.

एप्रिलमध्ये मला दोन दिवस पोटाचा त्रास होता, हे आठवतं. टेबलावर कागद होता हे आठवत नाही.

मग एवढा महिना बोलली का नाहीस, असं विचारलं. आवाज चढला माझा. तिनं पेटी बंद केली. म्हणाली, मला वाटलं, तुम्ही स्वतःहून मागाल. मागितला असता तर समजलं असतं, मी गेले तरी तुमचं चालेल. मी रोज वाट बघत होते, अब्बा.

मी चप्पल घातली आणि बंधाऱ्यावर गेलो. वाचनाची वेळ नव्हती.

शनिवार, ५ ऑगस्ट
साहेबांना भेटलो. ते चांगलं बोलले. रेघ ओढल्यावर त्यांनाही काही करता येत नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणाले, पण पुढच्या वर्षी ही योजना असेल की नाही ते मुंबईहून कळेल.

कराडला कळवलं. रशिदानं स्वतः पत्र लिहिलं, मी फक्त सही केली. इथंच कॉलेजात अकरावी आर्ट्सला नाव घालणार आहे. सायन्सच्या जागा भरल्या. आर्ट्सही काही वाईट नाही. तिच्या आईसारखी शिक्षिका होता येईल. हे मी तिला म्हणालो. तिनं मान हलवली.

एक गोष्ट लिहून ठेवायला हवी. संध्याकाळी सायकल लावताना आत दिवा दिसला, स्टोव्हचा आवाज आला, आणि मला बरं वाटलं. कराडचं गेलं आणि मला बरं वाटलं. अठरा वर्षं खरा आकडा लिहिला आहे, म्हणून हाही लिहिला.

मंगळवार, ८ ऑगस्ट
रोजे सुरू झाले. पहाटे रशिदा उठवते. दोघं समोरासमोर बसून खातो. बोलणं नाही. एरवी नजीरा झोपेत असल्यासारखी काहीतरी सांगत असायची, शाळेतल्या पोरांचं.

पुढच्या वर्षीसाठी आतापासून तयारी करायची असं ठरवलं आहे. सगळे दाखले एका पाकिटात. यंदा शिकलो ते पुढं उपयोगी पडेल. रशिदाला हे सांगितलं. ती म्हणाली, पुढच्या वर्षी मी बारावीला असेन.

शनिवार, १२ ऑगस्ट
ऑफिसात काल शिष्यवृत्तीची यादी लागली, मी आज बघितली. जागा पाच. नावं तीन. चौथ्या आणि पाचव्या आकड्यापुढं लिहिलं आहे, पात्र उमेदवाराअभावी रिक्त.

तिन्ही मुलांचे टक्केही दिले आहेत. सगळ्यात वरचा एकाहत्तर.

गणपतराव माझ्यामागं येऊन उभे होते. मी पाणी प्यायला म्हणून निघालो आणि मग रोजा आठवला, तसाच जिन्यात उभा राहिलो.

घरी येताना ठरवलं की हे रशिदाला सांगायचं नाही. दोन जागा तशाच पडून राहिल्या हे कळलं तर तिला लागेल. तिला त्रास होऊ नये एवढंच माझ्या हातात आहे, आणि ते मला जमेल.

रोजा सोडताना तिनं विचारलं, यादी लागली का. मी म्हणालो, अजून नाही. वेळ लागतो अशा कामांना.

तिनं खजूर माझ्यापुढं सरकवला. एक स्वतः घेतला. बी काढून बशीच्या कडेला ठेवली. म्हणाली, काल दुपारी मी गेले होते ऑफिसात. लागलीय.

मग भात वाढू का असं विचारलं.

वाढ म्हणालो.